तोफ घेतलीत, आता नेम शिका

मोठ्या बोअरची रायफल घेणाऱ्या बहुतेकांना ती पेलत नाही, आणि ज्यांना पेलते ते घरी काडतुसं भरायला बसले की अक्कल गहाण टाकतात. वाचून राग आला असेल तर उत्तमच. राग आलेला माणूस लेख शेवटपर्यंत वाचतो.

मी टेक्सासात राहतो. इथे जमीनमालकाची परवानगी असली की खासगी रानात डुक्कर मारायला शिकारीचा परवानासुद्धा लागत नाही. त्यामुळे पुण्या-नागपुरात असताना दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे न गेलेली आपली मंडळी घर, गाडी आणि ग्रीन कार्ड झालं की रायफलीच्या दुकानात शिरतात. शिरोत बापडी. माझी हरकत आहे ती तिथे विचारल्या जाणाऱ्या पहिल्या प्रश्नाला: ‘सगळ्यात मोठी कुठली?’ घर घेतानाही हाच प्रश्न विचारला होता, म्हणून आता दर शनिवारी पाच खोल्या झाडताना कंबर मोडते. पण घर निदान खांद्यावर लाथ मारत नाही.

ज्यांना मुळात शिकारच पटत नाही त्यांच्याशी माझं भांडण नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली ते योग्यच झालं. त्याआधी साहेबांनी, संस्थानिकांनी आणि नंतर परवानेवाल्या हौशींनी जंगलं धुऊन नेली होती. पण जिथे कायद्याने शिकार चालते तिथे जनावर तडफडत न ठेवता पहिल्या बारात पाडणं ही किमान सभ्यता आहे. आणि या सभ्यतेच्या आड सगळ्यात जास्त कोण येत असेल तर तोफेचे हे हौशी मालक.

मागे एक उमदा मुलगा, आपल्यातलाच, .४६० वेदरबी मॅग्नम घेऊन रेंजवर आला. पाचशे ग्रेनची गोळी, सेकंदाला २६०० फूट वेग, साडेसात हजार फूट-पौंड ऊर्जा. हे आकडे त्याला पाढ्यांसारखे पाठ. “काका, बाजारात मिळणाऱ्या रायफलींत बराच काळ हीच सगळ्यात ताकदवान होती, माहितीये ना?” मला माहिती होतं. मला हेही माहिती होतं की तिचा उलटा धक्का शंभर फूट-पौंडांच्या घरात जातो, म्हणजे साध्या .३०-०६ च्या पाचपट. “काय मारणार आहेस?” “सध्या डुकरं. पुढे आफ्रिका.”

मी त्याच्या नकळत मॅगझिनमध्ये एक खोटं काडतूस घातलं. आत दारू नाही, खाली ठिणगी देणारा प्रायमर नाही. दोन खरे बार झाल्यावर हे खोटं नळीत गेलं. त्याने श्वास धरला, चाप ओढला, खट् आवाज झाला. बार काही झाला नाही, तरी नळीचं तोंड वीतभर खाली गेलं, खांदा पुढे झेपावला आणि डोळे गच्च मिटले. खरे बार होतात तेव्हाही नेमकं हेच घडतं, फक्त आवाजात आणि धुरळ्यात ते लपतं. साडेसात हजार फूट-पौंड ऊर्जा आहे खरी, पण ती कुठल्या दिशेला जाणार हे डोळे मिटलेला माणूस ठरवतो आहे. हरणाला ती आतड्यात बसेल, रानरेड्याला मांडीत. मग तो जखमी रेडा काटेरी झुडपात जाऊन उभा राहील आणि पगारी ट्रॅकरला त्याच्यामागे जावं लागेल. मालक जीपजवळ उभे राहून धक्का किती जबरदस्त होता ते सांगतील.

आता कुणीतरी बेलचं नाव काढणार. काढाच. स्कॉटलंडचा वॉल्टर बेल, टोपणनाव करामोजो, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकेत हजारावर हत्ती मारून गेला. त्यातले बहुतेक .२७५ रिग्बीने, म्हणजे सात मिलिमीटरच्या रायफलीने, जी आज लोक हरणासाठी घेतात. ही जादू नव्हती. त्याने हत्तीची कवटी करवतीने उभी कापून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहिलं होतं, आणि १७३ ग्रेनची लांबट, पूर्ण आवरणाची, न फुलणारी गोळी वापरली होती. गोळीचं पौंडांतलं वजन तिच्या इंचांतल्या व्यासाच्या वर्गाने भागलं की जो घनतेचा आकडा येतो तो त्या गोळीचा .३०६ आहे. .३७५ एच अँड एच च्या तीनशे ग्रेनच्या गोळीचा .३०५. म्हणजे हाडात शिरायच्या बाबतीत त्याची ‘छोटी’ रायफल मुळीच छोटी नव्हती. बेलचं नाव घेऊन .२७५ ने रेडे मारायला निघणारेही मला तितकेच डोक्यात जातात. बेलचे हत्ती मोकळ्या माळावर, बंदुकीची धास्ती न घेतलेले होते, आणि बेल हा बेल होता. शिवाय आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत धोकादायक जनावरांसाठी .३७५ च्या खाली कायदाच उतरू देत नाही. आपल्या जिम कॉर्बेटलाही चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर भेट मिळाली ती .२७५ रिग्बीच, पण वाघासाठी जड दुनळीही त्याच्याकडे होती. त्याने कशाचाही पंथ काढला नाही.

पंथ काढला तो आकडेवाल्यांनी. जॉन टेलर नावाच्या शिकाऱ्याने १९४८ च्या आपल्या पुस्तकात एक सूत्र दिलं: गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेग फुटांत, गुणिले व्यास इंचांत, भागिले सात हजार. हत्तीच्या डोक्यात जड गोळी बसली पण मेंदू थोडक्यात हुकला, तर हत्ती किती गुंगेल याचा तो अनुभवी माणसाचा अंदाज होता. आज दुकानातला पोरगासुद्धा ते सूत्र फेकून .४५८ विकतो. .४५८ ला सत्तर गुण, .३७५ ला एक्केचाळीस, म्हणून .४५८ भारी. ठीक आहे. मग हेच सूत्र क्रिकेटच्या चेंडूला लावू. वजन सुमारे २५१५ ग्रेन, व्यास २.८३ इंच, बुमराहने टाकला तर ताशी १४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १२८ फूट. उत्तर येतं एकशे तीस. .४५८ च्या जवळजवळ दुप्पट. बेलच्या .२७५ ला मात्र याच परीक्षेत जेमतेम सोळा गुण. सूत्र खरं मानायचं तर बेलने उगाच काडतुसांवर पैसे घालवले. त्याने हत्तीला यॉर्कर टाकायला हवा होता.

आकड्यांची हाव मोठ्या कंपन्यांनाही सोडत नाही. १९५६ साली विंचेस्टरने .४५८ मॅग्नम आणली ती महागड्या ब्रिटिश दुनळीला स्वस्त पर्याय म्हणून. वचन होतं पाचशे ग्रेनच्या गोळीला २१३० फुटांचं. पण काडतूस नेहमीच्या लांबीच्या रायफलीत बसावं म्हणून त्याचं कवच अडीच इंचांवर तोडलेलं. तेवढ्या जागेत वचनाइतकी दारू बसवायची तर ठासावी लागे. ठासलेली दारू पडून पडून घट्ट बसे, तिचे गठ्ठे होत आणि ती नीट जळत नसे. रानात वेग यायचा दोन हजारांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली. १९५९ साली मोझांबिकमध्ये जॅक लॉटला रेड्याने उचलून फेकलं. तो वाचला, बसून विचार केला आणि कवच २.८ इंचांचं ठेवून १९७१ मध्ये .४५८ लॉट तयार केली. दारूला मोकळी जागा मिळाली आणि दाबाशी झोंबाझोंबी न करता वेग आला. कारखान्याचं तयार काडतूस मोठ्या कंपनीकडून यायला मात्र २००२ साल उजाडलं. तोवर लॉटवाले सगळे घरी काडतुसं भरत होते, आणि व्यवस्थित भरत होते. घरी भरण्याला माझा विरोध नाही हे त्यासाठी सांगितलं. मी स्वतः भरतो.

तसं पाहिलं तर मोठ्या बोअरच्या घराण्यात आपल्या देशाचाही हात आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. इंग्रजांना धास्ती होती की मार्टिनी-हेन्री बंदुकांची .४५० बोअरची काडतुसं आणि गोळ्या बंडखोरांच्या हाती पडतील. म्हणून १९०७ च्या सुमाराला हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० बोअरवर बंदी आली. लंडनच्या बंदूकवाल्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे इथले साहेब आणि राजेरजवाडे. मग .४६५, .४७०, .४७५ धडाधड खपू लागल्या. आज जिच्यासाठी लोक शेतजमिनीच्या भावाने पैसे मोजतात ती .४७० नायट्रो एक्सप्रेस लोकप्रिय झाली ती सरकारी भित्रेपणामुळे. जंगलात एकही जनावर .४५० ला अपुरं म्हणत नव्हतं.

त्यातून नावांचा जो घोळ झाला तो घरी भरणाऱ्यांच्या गळ्याशी येतो. .४७० ची गोळी .४७४ इंचांची. .४०४ जेफ्रीची .४२३. .४५० नायट्रोची .४५८. नाव वाचून गोळ्या मागवणारा माणूस मला भेटला आहे. वर तो मेकॅनिकल इंजिनिअर होता. जुन्या दुनळीची नळी तर नावाशीही आणि कागदाशीही जुळेलच असं नाही. मऊ शिशाचा तुकडा नळीतून ठोकून बाहेर काढा आणि मायक्रोमीटर लावा. इंजिनिअरला हे मी सांगायचं?

माझं लहानपण खडकीत गेलं. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, आणि वडील त्यात होते. काडतुसाच्या बाबतीत ‘साधारण’ आणि ‘अंदाजे’ हे शब्द त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती. ते संस्कार घेऊन मी इथल्या हौशींच्या गॅरेजात जातो तेव्हा पोटात गोळा येतो. बाकावर दोन वेगळ्या दारूंचे डबे उघडे, शेजारी बिअर, मोबाइलवर मॅच, आणि मालक वेग मोजायच्या यंत्राचा आकडा फळ्यावर लिहितो आहे. सगळी धडपड त्या आकड्यासाठी. .३७५ मधून तीनशे ग्रेनची गोळी कारखाना २५३० फुटांनी पाठवतो. याला २६०० हवेत. ऊर्जा वाढते साडेपाच टक्के. पन्नास पावलांवरच्या रेड्याला त्याचा पत्ताही लागत नाही. दाब मात्र वेगाच्या प्रमाणात वाढत नाही. वरच्या टोकाला तो वेगाला मागे टाकून भरधाव सुटतो.

असा दाब वाढवून भरलेलं एकाचं रिकामं कवच मी हातात घेतलं होतं. खाली प्रायमर इस्त्री केल्यासारखा सपाट, त्याच्या कडेची गोलाई गेलेली. बुडाशी चकचकीत ठसा, जिथे पितळ दाबाने इजेक्टरच्या भोकात शिरलं होतं. बुडाजवळच्या पट्ट्याच्या थोडं वर अंगाभोवती एक फिकट, उजळ रेघ. मी कागदाच्या क्लिपची तार सरळ केली, टोकाला नखाएवढा वाक दिला आणि आतून भिंतीला घासत वर ओढली. त्या रेघेपाशी तार अडकली. आत खाच पडली होती. पितळ तिथे ताणून पातळ झालं होतं. पुढच्या बाराला कवचाचे दोन तुकडे झाले असते. अर्धं नळीत अडकलं असतं आणि तापलेला वायू चेहऱ्याकडे आला असता. “पण काका, मी हे तिसऱ्यांदाच भरतोय!” हो ना, पण दर वेळी डाय, म्हणजे कवचाला पुन्हा आकार देणारा साचा, खालपर्यंत दाबून कवचाचा खांदा मागे ढकलतोस, आणि पट्टेवालं काडतूस पट्ट्यावर अडलेलं असल्यामुळे तुला ते कळत नाही. आधी खांदा मागे, मग बार झाला की पुढे, पुन्हा मागे. पितळ किती सोसेल? खांदा जेमतेम हलेल इतकाच डाय लाव. हे त्याला कुठल्या व्हिडिओने सांगितलं नव्हतं. व्हिडिओत सगळे आकडेच दाखवतात.

उन्हाचं तर कुणाच्या गावीही नसतं. डिसेंबरात, थंड गॅरेजात, ‘अजून थोडी चालेल’ असं म्हणत वरच्या हद्दीला नेलेलं काडतूस ऑक्टोबरात झांबेझीच्या खोऱ्यात चाळिशीपार तापलेल्या जीपवर पडून राहतं. दारू तापली की दाब वाढतो. बार होतो, बोल्ट उचलत नाही, कवच चिकटून बसतं, आणि समोर जखमी रेडा. जुन्या इंग्रज बंदूकवाल्यांना हे पुरतं ठाऊक होतं, कारण त्यांची कॉर्डाइट दारू उष्णतेने पिसाळायची. म्हणून १९११ च्या .४१६ रिग्बीचं कवच एवढं ऐसपैस आहे. ती चौरस इंचाला पन्नास हजार पौंडांच्या आसपासच्या दाबावर काम भागवते. १९८० च्या दशकाअखेरच्या .४१६ रेमिंग्टनला त्याच कामासाठी पासष्ट हजारांपर्यंत जावं लागतं. रिग्बीच्या कवचात मोकळी जागा दिसते म्हणून ती भरून काढणारे महाभाग आहेत. ती जागा रिकामी ठेवण्याचेच पैसे तुम्ही मोजलेत, साहेब.

दुनळीवाल्यांची तऱ्हा तर और. दुनळीच्या दोन्ही नळ्या एका ठरावीक काडतुसावर जुळवलेल्या असतात; .४७० ला पाचशे ग्रेन आणि २१५० फूट. वेग वाढवला की दोन नळ्या दोन दिशांना मारू लागतात. किनॉक कंपनीने १९६० च्या दशकात ही मोठी काडतुसं बनवणं गुंडाळलं, तेव्हा दुनळीचे मालक नाइलाजाने घरी भरायला लागले आणि त्यांनी जीव ओतून तो जुना वेग गाठला. त्यांना मी नमस्कार करतो. ‘माझ्या .४७० मधून मी २३०० काढले’ म्हणणाऱ्याला रायफल नव्हे, फुंकणी द्यावी.

काडतुसं भरायच्या पुस्तकातला वरचा आकडा हा त्यांच्या नळीचा, त्यांच्या गोळीचा, त्यांच्या डब्यातल्या दारूचा असतो. गोळी बदलली की पुन्हा खालून सुरुवात. यात तांब्याच्या सबंध गोळीवाले हमखास फसतात. शिशापेक्षा तांबं हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, कवचात खोल बसते, दारूची जागा खाते आणि दाब चढतो. वजन तेच, म्हणून माप तेच, हा हिशोब तिथे चालत नाही. आणि धक्क्याचा दुसरा प्रताप बघायचा असेल तर वरची काडतुसं मारून मॅगझिनमधलं सगळ्यात खालचं बाहेर काढा आणि त्याची लांबी मोजा. दर धक्क्याला त्याचं नाक मॅगझिनच्या भिंतीवर आपटलेलं असतं; कवचाची मान ढिली असली किंवा गोळीवरच्या खाचेत कवचाचं तोंड नीट आवळलं नसलं तर गोळी आत सरकलेली असते. नेमकं तेच काडतूस, जे रेडा अंगावर आला की नळीत जाणार.

एवढी यातायात करून हे लोक गोळी कुठली घालतात? स्वस्तातली. विमानाचं तिकीट, ट्रॉफीची फी, टोपी आणि खाकी जॅकेट मिळून गाडीची किंमत मोजतील, आणि गोळ्यांच्या डब्यावर तीस डॉलर वाचवले म्हणून आनंद. १९४६ साली कॅनडात जॉन नॉस्लरच्या .३०० एच अँड एच च्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूसच्या अंगावर बसून वरच्यावर फुटल्या आणि आत पोचल्याच नाहीत. वेग भरपूर होता, तोच नडला. त्याने घरी जाऊन मधे आडवी भिंत असलेली गोळी बनवली: पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून पुढे जातो. १९४८ साली त्याने त्यावर कंपनीच काढली. मूसला बार पोचला नाही तेव्हा नॉस्लर मोठी रायफल शोधत बसला नाही. आता बाजारात भिंतीच्या, शिसं तांब्याला जोडलेल्या, सबंध तांब्याच्या गोळ्या आहेत, आणि रेड्या-हत्तीसाठी न फुलणाऱ्या भरीवसुद्धा. निवडीला आधी डोकं लावायचं ते इथे. बोअरचा नंबर शेवटी.

तेव्हा विचारलंच आहे तर ऐका. .३७५ एच अँड एच घ्या. १९१२ पासून ती हे काम करते आहे, आणि सरावाने तिचा धक्का सामान्य माणसाला पेलतो. चांगली गोळी घ्या आणि ती कारखान्याच्या वेगाला भरा, एक फूटही जास्त नको. मग टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून काढलेले फोटो बंद करा. उभ्याने, तिकाटण्याच्या आधाराने, पन्नास यार्डांवरून तीन गोळ्या जेवणाच्या ताटात नव्हे, बशीत बसेपर्यंत आफ्रिकेचं तिकीट काढू नका. हिरवं मैदान, खुर्ची आणि यंत्रावरचा आकडा यांतून कुणी शिकारी झालेला नाही.

ज्यांनी तोफ घेऊनच टाकली आहे त्यांनी ती माझ्याकडे आणू नये. दुकानात न्या. दुकानदार पडेल भावात घेईल आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ‘फारशी वापरलेली नाही’ असं सांगून विकेल. तो खोटं बोलत नसेल. सोबतच्या वीस काडतुसांच्या खोक्यात सतरा शिल्लक असतात.